आई, चांदी लॉकरमध्ये ठेवायचं ठरवलंय

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आधी ठरलंय ते सांगते. घरातली चांदी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची, असं दादानं आणि मी ठरवलंय. बँकेत तो बोलून आलाय. शनिवारी गाडी घेऊन येईल, तुम्ही सह्यांपुरतं जायचं. लॉकर तुमच्या दोघांच्याच नावावर.

आई, रागावू नकोस. बाबा दवाखान्यात होते तेव्हा घराला कुलूप, तू त्यांच्या उशाशी आणि जिवाला घोर दोन्हीकडचा. तू बोलली नाहीस, पण फोनवर मला कळत होतं.

परवा इथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये हॉक्सनची चांदी पाहिली आणि मग मला राहवेना. सफोकमधलं हे गाव. 1992 च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचा मित्र धातू शोधायचं यंत्र घेऊन गेला, तर मातीतून निघाले चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, रोमन नाणी. त्या भल्या माणसानं पुढचं खणणं थांबवून कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाच्या लोकांनी उरलेलं सगळं नीट बाहेर काढलं, म्हणून पेटी कशी भरली होती तेही समजलं.

काय निगुतीनं भरली होती गं! मोठ्या लाकडी पेटीत लहान पेट्या, त्यांची इवलीशी चांदीची कुलपं, काही वस्तू कापडात गुंडाळलेल्या. नाणी पंधरा हजारांच्या आसपास. ज्युलियाना नावाच्या बाईची सोन्याची बांगडी आहे, तिच्यावर तिचं नाव घातलंय, आपल्या ताटांवर आजीचं आहे तसं. मिरपुडीची एक चांदीची डबी तर दागिने ल्यालेल्या बाईच्या रूपात घडवलीय आणि तळाशी फिरवायची चकती. ही मिरी जायची आपल्या मलबार किनाऱ्यावरून. बाबा, आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममधला, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला रोमन समुद्रदेव तुम्ही मला उचलून दाखवायचात. तो आठवला आणि तिथंच डोळे भरून आले.

पेटी पुरली ती इसवी सन 407-408 नंतर, ब्रिटनमधला रोमन अंमल मोडत होता त्या सुमाराला. पुरणाऱ्याला जागा पक्की ठाऊक असणार, तरी जवळजवळ सोळाशे वर्षं कुणी ती काढायला आलं नाही. आपल्या घरीही जागा तुला एकटीलाच ठाऊक. बाबांनासुद्धा नाही.

मला चांदी नकोय गं. तुम्हाला रात्री निवांत झोप लागावी, कुठं चार दिवस जायचं तर मागं बघावं लागू नये, एवढंच. रोजच्या पूजेचं तबक आणि निरांजन घरीच राहू दे. बाबांची वाटीही. तिच्यातूनच तू मला गुटी चाटवायचीस ना? गौरी बसायच्या आधी दादा बाकीचं सगळं आणून देईल, मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तुझ्या गौरींपुढं काही कमी पडणार नाही.

आता नीट ऐका. स्टुलावर चढायचं नाही, वरचं दादा काढेल. बाबांनी काही उचलायचं नाही. यादी बाबांच्या अक्षरात, दोन प्रती, एक दादाकडे. आधार कार्ड आणि फोटो आजच पिशवीत घालून ठेवा. किल्ली कुठं ठेवलीय ते दोघांनाही माहीत पाहिजे. आणि हे बोलणं शेजारी नको.

बँकेतून आलात की आधी जेवा, बाबांची गोळी होऊ दे, मग मला फोन करा. मी जागी असेन.

तुमची,
चिमी