देवमासा म्हणजे नेमका कोणता?

संपादक महोदय,

‘देवमाशांची संख्या वाढली’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यांत जातीचे नाव बहुधा नसते आणि ते नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. नैर्ऋत्य अटलांटिकमधले हंपबॅक जातीचे देवमासे विसाव्या शतकाच्या मध्यावर जेमतेम काही शे उरले होते, आज ते सुमारे २५ हजार आहेत. उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलच्या शिकारीवर १९३५ पासून बंदी आहे, तरी ते आज चारशेच्या आतच आहेत. दोन्ही देवमासेच, पण दोघांचे दुखणे वेगळे.

राइट व्हेल संथ पोहतो, किनाऱ्याजवळ आणि पृष्ठभागालगत राहतो. त्याच्या पाठीवर पर नसतो, त्यामुळे जहाजावरून तो सहज दिसत नाही. म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत, २० मीटर किंवा त्याहून लांब जहाजांना १० नॉटची (ताशी साधारण १८.५ किलोमीटर) वेगमर्यादा २००८ पासून आहे. दुसरा धोका दोरांचा. समुद्रतळावरच्या खेकडे-लॉब्स्टरच्या सापळ्यांपासून वर तरंगणाऱ्या बोयापर्यंत (खुणेच्या तरंडापर्यंत) उभे दोर असतात. दहापैकी आठांहून अधिक राइट व्हेलच्या अंगावर दोरात अडकल्याचे व्रण सापडतात. साधारण ७७० किलोच्या ताणाला तुटेल असा दोर वापरणे हा एक उपाय. बोट आल्यावर ध्वनिसंकेत देऊन तळावरचा बोया वर सोडणारे सापळे हा दुसरा, आणि माझ्या मते खरा. कारण मोठ्या प्राण्यासाठी तुटणारा दोर पिल्लासाठी तुटेलच असे नाही.

आता मोजणी. हंपबॅक खोल बुडी मारताना शेपूट वर काढतो. तिच्या खालच्या बाजूची काळीपांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून फोटोवरून एकेक प्राणी ओळखून मोजणी करतात. निळ्या देवमाशात पराच्या आसपासचे ठिपके पाहतात, आणि ते दोन्ही बाजूंना निराळे असतात. डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरा असे फोटो आले, तर एकाच प्राण्याच्या दोन नोंदी होण्याचा धोका असतो. धूसर फोटोमुळे जुना प्राणी ओळखला गेला नाही तरी तेच, अंदाज फुगतो. स्पर्म व्हेलबाबत चूक नेमकी उलट होते. तो पाऊण-पाऊण तास खाली असतो, सर्वेक्षणाची बोट वरून निघून जाते आणि तो मोजलाच जात नाही. म्हणून बोटीमागे हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) ओढत नेऊन त्याचे ‘टकटक’ आवाज टिपावे लागतात. आकड्यासोबत तो कसा काढला हे एका ओळीत छापले, तर वाचकाला त्याचे वजन कळेल.

जात ओळखणे तज्ज्ञांनाही सोपे नसते, हे मान्य. मेक्सिकोच्या आखातातला राइसेज व्हेल २०२१ पर्यंत ब्रायडीज व्हेलमध्येच गणला जात होता. फ्लोरिडात २०१९ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या एका मृत प्राण्याच्या कवटीवरून आणि जनुकीय पुराव्यावरून तो स्वतंत्र ठरला. तोवर एका मोठ्या गटाच्या आड लपलेली ही जात जेमतेम पन्नासएक उरली असावी.

बोटीवरच्या वाचकांनाही मदत करता येईल. श्वास सोडताना उडणारा फवारा पाहावा: व्ही आकाराचा असेल तर राइट व्हेलचा संशय घ्यावा, पुढे आणि डावीकडे झुकलेला असेल तर स्पर्म व्हेलचा. फिन व्हेलचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा, डावीकडे गडद असतो, म्हणून फोटोसोबत बाजू लिहावी. पराचे फोटो दोन्ही बाजूंनी, शेपटीचे मागून. वेळ आणि अक्षांश-रेखांश जोडावेत. फोटोच्या मोहात निदान १०० मीटरच्या आत जाऊ नये, आणि वाटेत आडवे तर मुळीच नाही.

मेलेला देवमासा आढळला तर पुरण्याची घाई नको. आधी प्रशासनाला कळवावे, डोके, पर आणि शेपटीचे फोटो काठी किंवा मोजपट्टी शेजारी ठेवून काढावेत. पोटात वायू साठलेला असतो. त्याला कोणीही भोसकू नये. त्वचेचा नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो तीव्र इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) ठेवावा. हाताशी आहे म्हणून फॉर्मॅलिन वापरले, तर डीएनए खराब होतो आणि जात पटवण्याचा एक मार्ग तिथेच बंद होतो.

आपला,
एक वाचक