पापक्षमा म्हणजे पापाला मोकळीक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेच्या निमित्ताने आपल्या दैनिकात आलेल्या एका वाचकपत्रात, ‘ख्रिस्ती माणसाचे बरे आहे; पाप करावे, क्रुसापुढे गुडघे टेकावेत आणि पुन्हा तेच करायला मोकळे व्हावे’ असा आक्षेप घेण्यात आला होता. पत्रलेखकाचा सूर चेष्टेचा नव्हता आणि हा आक्षेप मी शेजारीपाजारीही अनेकदा ऐकला आहे, म्हणून त्याला उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिल्या शतकात रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्र लिहिताना ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने हाच प्रश्न स्वतःहून उपस्थित केला होता : कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय? त्याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. त्याच्या मते ख्रिस्ताच्या मरणाने माणसाची अपराधाच्या दंडातून सुटका होते, तशीच पापाच्या सत्तेतूनही होते. आणि या दोन सुटका वेगळ्या काढता येत नाहीत. आपल्याकडे सावकाराच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारी करणारी कुटुंबे होती. त्यांचे कर्ज माफ झाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सावकाराच्या वाड्यावर राबायला जावेच लागले, तर त्याला सुटका कोण म्हणेल? आक्षेप घेणाऱ्यांना फक्त कर्जमाफी दिसते. खेदाने म्हणावे लागते की आमच्या व्यासपीठांवरूनही पुष्कळदा तेवढीच सांगितली जाते.

सत्ता गेली म्हणजे मोह संपला, असे मात्र नाही. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि नको ते होते, ही तगमग त्याच पत्रात पौलाने लिहून ठेवली आहे. तरीही शुभवर्तमानात क्षमा आधी येते आणि बदललेले जीवन मागून, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दोषभावनेने पिचलेला माणूस पाप सोडत नाही, तो ते लपवतो. रात्री दारू पिऊन घरात मारझोड करणाऱ्याला सकाळी स्वतःची किळस येते, आणि ती किळस विसरण्यासाठीच तो संध्याकाळी पुन्हा गुत्त्याची वाट धरतो. व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या स्त्रीला येशूने आधी ‘मी तुला दंड ठरवत नाही’ असे सांगितले आणि मग ‘यापुढे पाप करू नको’ असे बजावले. यरीहो गावचा जकातदार जक्कय, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, त्याच्या बाबतीतही तेच घडले. येशू त्याच्या घरी उतरायला आधी तयार झाला. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कयाने नंतर, कोणी न सांगता केली.

आमच्या मंडळीतील एका कारकुनाने पतपेढीत ठेवीदारांच्या पैशांचा अपहार केला होता. उपासनेत उभा राहून, रडत त्याने आपल्या पापाची आणि मिळालेल्या क्षमेची साक्ष दिली, तेव्हा सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटले. पाळकसाहेबांनी मात्र उपासना संपल्यावर त्याला बाजूला घेऊन एवढेच विचारले, “पैसे परत केलेत का?” पुढच्या आठवड्यात तो आपणहून संचालकांपुढे गेला, नोकरी गमावली, आणि बायकोच्या संमतीने घराशेजारची जागा विकून त्याने रक्कम भरायला सुरुवात केली. देवाने क्षमा केली म्हणून ठेवीदारांचे देणे फिटले, असे तो एकदाही म्हणाला नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या मातीतले आहे. इंग्लंडमध्ये असताना, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेज येथील ख्रिस्ती मठाच्या भगिनी चालवत असलेले काम त्यांनी पाहिले. या स्त्रियांची काळजी तुम्हाला का वाटते, असे त्यांनी विचारले, तेव्हा उत्तरादाखल त्यांना येशू आणि यहुदी ज्यांना तुच्छ लेखत त्या शोमरोनी समाजातील एका स्त्रीच्या भेटीची कथा वाचून दाखवण्यात आली. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र मिळाला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले, असे त्यांनीच नमूद केले आहे. इतक्या विदुषीलाही क्षमेची खात्री विद्वत्तेच्या बळावर मिळवता आली नाही. ती लाभल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पुणे जिल्ह्यातील केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलींबरोबरच, कोणीही दारात उभे करणार नाही अशा स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन हे आश्रयगृह उभारले.

आपल्या पत्रलेखकाला माझी विनंती आहे की क्षमेच्या शिकवणीची पारख त्यांनी तिचा गैरवापर करणाऱ्यांवरून करू नये. आणि आमच्या पाळकवर्गाला आग्रहाची विनंती अशी की कोणाचीही साक्ष मंडळीपुढे ऐकण्याआधी त्याने ज्याचे नुकसान केले त्याची भेट घेतली आहे का, हे विचारावे; गुन्हा घडला असेल तर त्याला पोलिसांपुढे हजर होण्यास सांगावे आणि त्या वेळी त्याच्यासोबत जावे.

आपला,
एक मराठी ख्रिस्ती वाचक,
अहिल्यानगर