परवानगी नंतर आली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅन्टरबरीचे आर्चबिशप म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे आणि त्यातून जगभर पसरलेल्या अँग्लिकन परंपरेचे प्रमुख धर्माधिकारी. या पदासाठी पहिल्यांदाच एका स्त्रीचे, सारा मुलाली यांचे, नाव ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर झाले. तेव्हापासून ‘चर्चने स्त्रियांसाठी दारे उघडली’ अशा थाटाचा मजकूर सगळीकडे वाचायला मिळतो. निवडीचा आनंद मलाही झाला, पण ही मांडणी मला मान्य नाही. दारे कुणी आपणहून उघडली नाहीत. ती उघडायला कशी भाग पाडली, हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराकडे पाहावे लागते.

एपिस्कोपल चर्च ही याच अँग्लिकन परंपरेची अमेरिकेतली शाखा. तिथे १९७०पासून स्त्रियांना डीकन, म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीवरचे धर्मसेवक, होता येऊ लागले, पण त्यांना पाळकपद देण्याचा ठराव चर्चच्या अधिवेशनात त्या वर्षी पडला आणि १९७३मध्ये पुन्हा पडला. दुसऱ्या वेळी तर बहुमत बाजूने होते. मात्र ज्या प्रतिनिधिमंडळात मते समसमान विभागली जात, ते मंडळ विरोधातच धरायचे, असा नियम होता. नियमावर बोट ठेवून किती काळ थांबायचे?

अकरा स्त्री डीकनांनी थांबायचे नाही असे ठरवले. २९ जुलै १९७४ रोजी, सोमवारी, उत्तर फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेटमध्ये पदभारातून मुक्त झालेल्या तीन बिशपांनी त्यांना पाळकीय दीक्षा दिली. तिथले पाळक पॉल वॉशिंग्टन यांनी आपले चर्च या विधीसाठी खुले केले. अकराजणींपैकी जेनेट पिकार्ड ७९ वर्षांच्या होत्या. १९३४मध्ये त्यांनी स्वतः बलून चालवत स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, गाठला होता. विधी सुरू असताना काही पाळकांनी उभे राहून हरकती वाचल्या. त्या ऐकून घेतल्या गेल्या आणि विधी पुढे चालू राहिला.

पुढच्याच महिन्यात बिशपांनी शिकागोत तातडीची बैठक घेऊन ही दीक्षा अवैध ठरवली. पण गोष्ट घडून गेली होती. १९७६च्या मिनियापोलिस अधिवेशनात ठराव मंजूर झाला आणि १ जानेवारी १९७७पासून तो लागू झाला. तो सोमवार उगवला नसता तर १९७६चे मतदानही १९७३च्याच वाटेने गेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी मिरवणुकीच्या पुढे क्रूस धरून चालणारी बाई होती बार्बरा हॅरिस. त्याच चर्चची कृष्णवर्णीय सभासद, एका तेल कंपनीत जनसंपर्काचे काम करणारी. फेब्रुवारी १९८९मध्ये त्या जगभरच्या अँग्लिकन परंपरेतल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. बॉस्टनमधल्या त्या समारंभाआधी धमक्या येत होत्या. पोलिसांनी बुलेटप्रूफ जाकीट देऊ केले, ते त्यांनी घातले नाही. मुलाली यांच्याविषयी लिहिताना हॅरिस यांचे नाव गाळले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

फिलाडेल्फियातच १९७४च्या त्या विधीआधी दीडशे वर्षे जरीना ली या कृष्णवर्णीय उपदेशिका होऊन गेल्या. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या पंथाचे संस्थापक रिचर्ड अ‍ॅलन यांच्याकडे त्यांनी उपदेश करण्याची परवानगी मागितली, तेव्हा पंथाच्या नियमात स्त्रीची तरतूद नाही, असे उत्तर मिळाले. काही वर्षांनी, १८१९मध्ये, बेथेल चर्चमध्ये उपदेशक बोलता बोलता अडखळला. ली जागेवरून उठल्या आणि बायबलमधल्या योना संदेष्ट्यावरचा तो उपदेश त्यांनी पुढे नेला. अ‍ॅलन तिथेच होते. त्यांनी भर सभेत या स्त्रीला उपदेशासाठी देवाचे पाचारण झाले आहे, हे मान्य केले. १८२७ या एका वर्षात ली २,३२५ मैल फिरल्या आणि त्यांनी १७८ उपदेश केले. हा हिशेब त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यांच्या पंथात स्त्री बिशप मात्र २००० साली झाली! रोमन कॅथलिक चर्चमध्ये तर, फिलाडेल्फियात काय किंवा वसईत काय, स्त्रीला धर्मगुरूपदाची दीक्षा आजही नाही.

आता आपल्या घरचे. पंडिता रमाबाई मार्च १८८६मध्ये याच फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी गेल्या. त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तकही पुढच्या वर्षी तिथेच छापले गेले. त्याआधी इंग्लंडमध्ये असताना रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवण्याला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली होती. आपल्या वडिलांनी वा पतीने अशी हरकत कधी घेतली नाही, मग हे कोण, असे रमाबाईंनी रोखठोक सुनावले. आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत केडगावचे मुक्ती मिशन आणि त्यांचे बायबलचे भाषांतर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. बिशपांशी झालेला हा वाद मात्र व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येतो. तो ऐकू यायला हवा, विशेषतः जिथे रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी आणि सणांची सगळी तयारी बायका करतात आणि पाळक निवडताना फक्त पुरुषांचीच नावे पुढे येतात.

रमाबाईंचा तो पत्रव्यवहार इंग्रजीत उपलब्ध आहे. आपल्या रविवार पुरवणीत त्यातली या वादाची पत्रे मराठीत क्रमशः द्यावीत, ही विनंती.

आपली,
एक वाचक, अहिल्यानगर