दहा तासांचे दोन तुकडे

ओमाहा, नेब्रास्का
दुपार, ट्रकच्या स्लीपरमधून

प्रिय सुऱ्या,

"तुझं बरंय लेका, तुला सरकारच दहा तास झोपवतं," असं तू परवा फोनवर म्हणालास आणि मी हसण्यावारी नेलं. आता एका गोदामाच्या डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर, ट्रक लावून अडकलोय. मागे फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये शिरली की अख्खी केबिन डुलते, झोप कसली लागतेय! म्हटलं, तुला एकदा नीट सांगूनच टाकावं.

इथल्या ट्रक ड्रायव्हरांच्या नियमाने दहा तास विश्रांती मिळते, खोटं नाही. त्यानंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी हाकायची, पण तीही १४ तासांच्या आत. खरी मेख या चौदातच आहे. सकाळी ते घड्याळ एकदा सुरू झालं की तू जेव, डिझेल भर, नाहीतर डॉकवर ताटकळत बस, ते काही थांबत नाही. आणि आमचा पगार मैलावर. ताटकळण्याचे पैसे मिळाले तर मिळाले.

त्यावर तोड म्हणजे स्प्लिट. दहा तासांचे दोन तुकडे करायचे. एक किमान सात तासांचा, तो स्लीपरमध्येच, म्हणजे सीटमागच्या बिछान्यावर. दुसरा किमान दोन तासांचा, तो कुठेही काढ, फक्त काम करायचं नाही. दोन्हींची बेरीज दहा भरली पाहिजे. पूर्वी मोठा तुकडा आठ तासांचाच लागायचा आणि छोटा तुकडा चौदातून कापला जायचा. २९ सप्टेंबर २०२० पासून दोन्ही तुकडे चौदाच्या बाहेर.

कालचंच घे. सहाला उठून अर्धा तास गाडी तपासली, पाच तास चालवली, साडेअकराला डॉकवर. सुटका साडेतीनला. स्प्लिट नसता तर रात्री आठला माझा खेळ खलास, म्हणजे हातात साडेचारच तास. अकरापैकी दीड तास बुडाला असता. साठच्या वेगाने धर, नव्वद मैलांचे पैसे. ते चार तास मी स्लीपरमध्ये काढले म्हणून साडेनऊपर्यंत चालवता आली. मग सात तास झोप, पहाटे साडेचारला परत स्टिअरिंगवर.

आता तुला वाटेल, पहाटे पुन्हा अकरा तास मिळाले. छे! हिशोब पहिल्या विश्रांतीच्या शेवटापासून, म्हणजे दुपारी साडेतीनपासून धरतात. त्यानंतर सहा तास चालवले होते, म्हणून उरले पाचच. नवीन पोरं इथेच फसतात. मीही फसलोय, पहिल्या महिन्यात. मशीनवर लाल अक्षरं आली तेव्हा भर हायवेवर घाम फुटला होता. डिसेंबर २०१७ पासून इंजिनला जोडलेलं यंत्रच लॉग ठेवतं. त्याआधीच्या कागदी लॉगला म्हातारे ड्रायव्हर 'कॉमिक बुक' म्हणतात. का ते तुला सांगायला नको.

माझं रडगाणं वेगळंच आहे. स्प्लिट घ्यायचा की नाही हे ठरवायचं ड्रायव्हरने. पण हल्ली कंपनीतला डिस्पॅचर लोड देतानाच विचारतो, "डॉकवर झोपशील ना?" म्हणजे गोदामवाल्याचा उशीर माझ्या झोपेच्या खात्यावर. अरे, दुपारी बाराला झोप म्हटलं की झोप येते होय? आडवा होतो, शेजारच्या रीफरची (थंड मालाच्या ट्रेलरची) घरघर ऐकतो, छताकडे बघतो. यंत्रात मात्र नोंद होते: विश्रांती.

गेल्या आठवड्यात तर कहरच. एका गोदामात (नाव कशाला घेऊ) मस्त डोळा लागला होता आणि धाडधाड दार वाजलं, "गाडी काढ!" बघतो तर एक तास पन्नास मिनिटं झालेली. गाडी हलवली आणि तुकडा फुकट गेला. दहा मिनिटांसाठी! ते एक तास पन्नास चौदात जमा झाले आणि संध्याकाळी मुक्कामाच्या अलीकडेच गाडी लावावी लागली. तीही ट्रक स्टॉपवर जागा नाही म्हणून गल्लीबोळ धुंडाळून.

तरी तुझ्यापुढे तक्रार करताना जीभ अडखळते. आपल्याकडे मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम असं लिहून ठेवलं होतं. पण खंबाटकीत पहाटे तीनला तू चालवत होतास आणि तुला डुलकी लागू नये म्हणून मी मोठमोठ्याने गात होतो, तेव्हा कुणी मोजत होतं का? कळंबोलीला पोचल्यावर बाजेवर पडलो ते दुपारीच उठलो. त्या झोपेचे तुकडे करायला कुणी आलं नाही, एवढंच.

तुझ्या नव्या गाडीत मागे बिछाना आहे ना? ड्रायव्हर त्यावर झोपतो की सामान ठेवतो, ते कळव.

इथे डॉकचा दिवा अजून लालच आहे. एक तास अठ्ठावन्न मिनिटं झालीत, म्हणून श्वास रोखून लिहितोय. कुणीतरी बूट वाजवत येतंय.

पुढच्या ट्रककडे गेला.

दोन तास तीन मिनिटं. आता वाजव म्हणावं दार, आठ तासांचा दुसरा तुकडा मी रात्री बघून घेईन.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
दिल्या