सिकलसेलच्या सिस्टरांना, तळोदा तालुक्यातून

आदरणीय सिस्टर,

सविनय नमस्कार.

आपली बदली झाल्याचे उपकेंद्रातून कळले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे असे लिहिण्याचे कारण एवढेच की तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागांत सिकलसेल हा आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार असलेली आमच्यासारखी पुष्कळ घरे आहेत, आणि आपण आमच्यासाठी जे केले ते त्यांच्याही कानावर जावे असे मला मनापासून वाटते.

आमच्या घराण्याबद्दल गावात एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, ती ही की ही माणसे सोसणारी आहेत. माझे आजोबा अंग तापाने फणफणत असतानाही निंदणीला उभे राहत. माझी आत्या हातपाय ठणकू लागले की रात्र रात्र भिंतीला टेकून बसे, पण कुणाला हाक मारीत नसे. ती लग्नाच्या वयाला येण्याआधीच गेली आणि तिच्या दुखण्याला शेवटपर्यंत नाव मिळाले नाही. माझी मुलगी वर्षाची होण्याआधीच तिच्या हातापायांची बोटे सुजू लागली, पुढे गुडघे आणि पाठ दुखू लागली, आणि थोडी मोठी झाल्यावर तीही ओठ दाबून गप्प बसायला शिकली. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी कौतुकाने म्हटले की पोर अगदी आत्यावर गेली आहे. एका दवाखान्यात ते वाताचे दुखणे ठरले होते आणि त्याच्या गोळ्या चालू होत्या.

शाळेतल्या तपासणीत तिच्या रक्ताची विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली. त्या चाचणीने रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. मूल वाहक आहे की रुग्ण आहे हे कळण्यासाठी पुढची तपासणी लागते. तो अहवाल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असा आल्यावर आपण तो कुणाच्या हाती पाठवून दिला नाही. आपण स्वतः पायी आमच्या पाड्यावर आलात, ओट्यावर बसलात आणि आधी माझ्या आईशी बोललात. आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असतो, हे आपण विचारून घेतले होते.

त्या दुपारी आपण आईकडून मूठभर ज्वारी आणि उडीद मागून घेतले. माझ्यासमोर ज्वारीचा एक आणि उडदाचा एक दाणा ठेवला, माझ्या पत्नीसमोरही तसेच दोन दाणे ठेवले, आणि आईला सांगितले की प्रत्येक बाळाला बापाकडून एक दाणा मिळतो आणि आईकडून एक. दोन्ही ज्वारीचे आले तर बाळ निरोगी, एक ज्वारीचा आणि एक उडदाचा आला तर वाहक, आणि दोन्ही उडदाचे आले तर ते रुग्ण. चार शक्यतांपैकी एक निरोगी बाळाची, दोन वाहकाच्या, एक रुग्णाची. आईने डोळे मिटून पुन्हा पुन्हा दाणे उचलून पाहिले. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तिन्ही सुटली, असा हा हिशेब नाही. प्रत्येक गरोदरपणी दाणे नव्याने मांडले जातात, हे तिला तिथेच पटले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तोवर सगळा दोष सुनेच्या माहेरावर टाकला जात होता, तो त्या दिवशी थांबला. उडदाचे दोन दाणे दोन्हीकडून आले होते. त्यानंतर माझी पत्नी घरात ताठ मानेने बोलू लागली, आणि केवळ एवढ्यासाठी मी आपले आभार मानले असते तरी ते पुरेसे ठरले असते.

आईने मग विचारले की हा आमच्या कुळावरचा कोप आहे का. यावर आपण जे सांगितले ते मी नंतर शाळेत वरच्या वर्गांनाही सांगितले आहे. ज्याच्याकडे असा उडदाचा एकच दाणा असतो त्याला हिवतापाच्या सर्वांत घातक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जिथे जंगल, डास आणि हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होते तिथे हे रक्त टिकून राहिले. आफ्रिकेतही हेच घडले आणि आपल्या सातपुड्यातही. म्हणजे ज्या गुणाने आमचे पूर्वज जगले, तोच दोन्हीकडून आला की माझ्या लेकीच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ज्या पेशींनी सुमारे १२० दिवस टिकायचे त्या १० ते २० दिवसांतच संपतात. आणि अशा रुग्णाला हिवताप झाला तर तो अधिक धोक्याचा ठरतो, हेही आपण त्याच वेळी बजावले. माझी आई खूप वेळ गप्प होती. कोप हा शब्द तिने त्यानंतर उच्चारलेला मी ऐकला नाही.

श्रद्धेच्या बाबतीत आपण जे वागलात त्याचे मला आजही अप्रूप वाटते. आईने याहामोगी मातेला नवस बोलला होता आणि महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या यात्रेला नातीला नेण्याचा तिचा हट्ट होता. आपण तिला अडवले नाही, हसलाही नाहीत. आपण फक्त विचारले की तिथे रात्री थंडी किती असते, पाणी कुठे मिळते आणि चालावे किती लागते. मग सांगितले की थंडी, तहान, ताप आणि अतिश्रम यांनी हे दुखणे उसळते. तेव्हा स्वेटर हवा, पाण्याची बाटली हवी, आणि गोळी एकाही दिवशी चुकता कामा नये. आईने नवी टोपली, धान्य आणि गोळ्यांची पुडी एकत्र बांधली. देवाला आणि औषधाला एकमेकांसमोर उभे करणारी माणसे मी दोन्ही बाजूंना पाहिली आहेत, आणि त्यांच्या भांडणात मुले मागे राहतात असे माझे स्पष्ट मत आहे.

हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाल्यावर खरी कसोटी लागली. औषध रोज घ्यायचे, ठरावीक काळाने रक्त तपासायचे, आणि गुण दिसायला काही महिने लागणार. तोवर दुखणे येत राहिले आणि घरात कुरकुर सुरू झाली. आपण मुलीला एक वही दिली आणि तिच्याकडून वचन घेतले की दुखायला लागताच ती आधी बोलेल आणि मग लिहील. आमच्या घरात दुखणे बोलून दाखवणे हा कमीपणा होता. आत्याची सोशिकता आम्ही धीर समजत होतो. पण रोज पाणी मोजून पिणे, तारीख पाळणे, ताप येताच वाट न पाहता दवाखाना गाठणे आणि गुण येईपर्यंत औषध न सोडणे, हा धीर आम्हाला आपल्यामुळे माहीत झाला. आजोबांचा चिवटपणा माझ्या मुलीत आहेच. तो आता तिने गप्प बसण्यासाठी न वापरता गोळी न चुकवण्यासाठी वापरावा, ही दिशा आपण दिली. हे औषध आजार मुळातून काढत नाही हे आम्ही जाणतो. पण तिचे दुखण्याचे दिवस कमी झाले आहेत आणि ती शाळेत जाते.

एसटीच्या प्रवास सवलतीचे कागद आपण करून दिलेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असल्याचेही आपल्याकडूनच कळले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट ठरले. पण ते आमच्या पाड्यापर्यंत पोहोचले ते आपल्या पायांनी, असे मी म्हणेन.

आता आमच्या भाऊबंदांत मुलामुलींची रक्ततपासणी लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी करावी, असे ठरू लागले आहे. माझ्या मते ती आधीच झाली पाहिजे. एकदा पाहुणे जेवून गेले की मग अहवाल कुणी उघडत नाही. माझ्या पुतण्याने स्वतः जाऊन तपासणी करून घेतली आणि आपण वाहक आहोत हे मुलीकडच्यांना पहिल्याच भेटीत सांगितले. त्यांनीही मुलीची तपासणी केली. ती वाहक नाही. लग्न ठरले आहे.

मुलीची वही भरली, म्हणून आम्ही तिला दुसरी आणून दिली आहे. आपल्या जागी आलेल्या सिस्टरांना तिने दोन्ही वह्या दाखवल्या आणि त्यांनी नोंदी अशाच चालू ठेवायला सांगितले आहे.

आपला कृतज्ञ,
एका सिकलसेलग्रस्त मुलीचा पिता
तळोदा तालुका, जिल्हा नंदुरबार