८ सीएलमध्ये थेरपी कशी बसवायची?

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला इजा झाल्यानं हालचालीवर परिणाम होतो) आणि मी चिंचवडला एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे. दुकाने आस्थापना कायद्यात वर्षाला ८ पगारी सीएल (किरकोळ रजा), त्यातल्या ६ माझ्या जूनमध्येच उडाल्या, कारण पोरगं वाढतंय, पायाला आधार देणारा स्प्लिंट लहान होतो, मग प्लास्टरचं माप द्यायला जा, ट्रायलला जा, घातला की टाचेला घासतो म्हणून परत जा, आणि स्प्लिंट बनवणाऱ्यांची वेळ ११ ते ५, म्हणजे नेमकी आपल्या ऑफिसचीच.

एचआरकडे जादा रजेचं विचारायला गेले तर म्हणतात, "मॅडम, दिव्यांग तुम्ही स्वतः आहात का?" नाही म्हटलं. "मग पॉलिसीत बसत नाही." राग आला, पण चूक त्यांची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रायव्हेट कंपनीनंही समान संधी धोरण करायचंय, पण ते दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी. त्याच कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे, बिनपगारी आईवडील पण धरलेत त्यात. रजेचं मात्र आमच्यासाठी काहीच नाही.

केंद्र सरकारी नोकरीतल्या बायकांना बाल संगोपन रजा ७३० दिवस, दिव्यांग मुलाला वयाची अट पण नाही. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं हिमाचलच्या एका प्राध्यापिकेच्या केसमध्ये सांगितलं की बायकांनी नोकरी करणं ही मेहेरबानी नाही, घटनेनं दिलेला हक्क आहे. वाचून बरं वाटलं, मग लक्षात आलं, ती बाई पण सरकारी कॉलेजातलीच! आणि आमच्या मिस्टरांनी रजा मागितली की साहेब विचारतात, "बायको काय करते मग?"

मला दोन वर्षांची रजा नकोच आहे हो. महिन्यातून दोनदा पगारी अर्धा दिवस द्या, मुलाचं यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) दाखवलं की पुढं चौकशी नको, आणि हे राज्य सरकारनं कायद्यातच घालावं, कंपनीच्या मर्जीवर सोडू नये.

येत्या गुरुवारी परत ट्रायल आहे, उरलेल्या दोनातली एक तिथं जाणार.

– एक आई, चिंचवड