चौकट वाचवणाऱ्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

महाल भागातल्या आमच्या घराच्या दाराच्या सागवानी चौकटीनं गेला पावसाळा ताठ उभ्यानं काढला. त्याचे आभार चारचौघांत मानायचे राहिले होते.

दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या साफसफाईत डाव्या बाहीच्या, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडाच्या, तळाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो बोटभर आत गेला. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, काढून दगडी चौकट बसवा. आजेसासऱ्यांनी बसवलेली चौकट ती. माझ्या लग्नातल्या तोरणाचे खिळे अजून तिच्यात आहेत. तुम्ही बाही तळापासून ठोकत वर गेलात, आवाज खणखणीत झाला तिथं खडूची रेघ मारलीत. "सूनबाई, वीतभरच गेलं आहे."

भुसभुशीत भाग पटाशीनं कोरून काढलात आणि काम थेट एप्रिलवर टाकलंत. ओल्या लाकडावर एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणारं रसायन, लावलं तर ओल आतच कोंडते आणि कूज चालू राहते, हे तेव्हा समजावलंत. मला घाई होती, तुम्ही हलला नाहीत.

एप्रिलमध्येही तुम्ही संध्याकाळच निवडलीत. दिवसभर तापलेलं लाकूड गार होताना आतली हवा आकसते आणि पातळ रेझिन आत ओढून घेते. सकाळी लावलं तर तीच हवा फुगून बुडबुडे काढते. बारीक भोकांतून सिरिंजनं सोडलेलं रेझिन उभ्या रेषांचं ते लाकूड तहानलेल्यासारखं पीत होतं. पुन्हा भरलं, पुन्हा प्यालं. मग सागाचा बारीक भुसा कालवून खड्डा भरलात.

मी कपभर रेझिन आणि हार्डनर एकदम कालवलं तेव्हा तो कप हाताला चटका बसेल इतका तापला. तुम्ही तो कप घेऊन पसरट ताटलीत ओतलात, म्हणजे उष्णता निघून जाते. हार्डनर डब्यावरच्या मापानंच, काट्यावर तोलून. जास्त घातल्यानं लवकर सुकत नाही, उलट कच्चं राहतं. हे मी आता शेजारणींनाही सांगते.

एपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वरून रंग हवाच, असं बजावलं होतंत. मृगाआधी पाहिलं, एका जागी पापुद्रा सुटला होता. घासून पुन्हा रंग दिला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून पाहिला, टणक लागलं.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. तुमची पटाशी मात्र आमच्याकडेच राहिली आहे. धार लावून रविवारी घेऊन येते.

तुमची,
महालातली सूनबाई